कळप राखणाऱ्या जातीच्या पिल्लाला घर शोधून देताना

इंदुरात गद्दी, भोटिया किंवा बाखरवाल जातीचं पिल्लू घरात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. कुणी मनालीहून परतताना घेऊन येतं, कुणाला नातेवाईक "भेट" देतात, कुणाच्या कुत्रीला पिल्लं होतात. पिल्लू चार महिन्यांचं झालं की सुदामा नगरच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांच्या लक्षात येतं की हे काम आपलं नव्हे. मग घरात एक वाक्य ठरतं: "कुणाच्या तरी फार्महाउसवर देऊन टाकू." पुढचा सगळा घोटाळा या वाक्यापासून सुरू होतो. पिल्लू घाईत, फुकट, फोनवरचा माणूस सज्जन वाटला म्हणून दिलं जातं आणि वर्षभरात ते साखळीला तरी असतं, नाहीतर बाइपासवर.

ही कुत्री दिवसा पेंगतात आणि रात्री कामाला लागतात. म्हणून घर शोधताना पहिला प्रश्न जागा किती बिघे आहे हा नाही. तिथे रात्री कोण झोपतं, हा आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवती फिरतात, आणि त्यांचा क्रम मोडू नका.

पायरी १: हातात नक्की काय आहे ते ठरवा

"पहाडी कुत्रा" या नावाखाली काहीही खपतं. गद्दी हिमाचलचा, भोटिया उत्तराखंडचा, बाखरवाल जम्मू-काश्मीरच्या गुज्जर-बकरवालांचा. तिन्ही मेंढ्या-शेळ्यांसोबत राहून बिबट्या, लांडगा, अस्वल यांना अडवणारे. परदेशी जातींमध्ये ग्रेट पिरेनीज, मरेम्मा, कांगल, कॉकेशियन शेफर्ड आणि मध्य आशियाई शेफर्ड म्हणजे अलाबाई याच कामाचे.

'शेफर्ड' हे नाव ऐकून फसू नका. जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली ही कळप हाकणारी कुत्री. ती माणसाच्या इशाऱ्यावर चालतात. राखणदार जातीचं कुत्रं कळपात मिसळून राहतं आणि निर्णय स्वतः घेतं. हाक मारल्यावर ते तुमच्याकडे बघेल, विचार करेल आणि कदाचित येईल. ज्याला चेंडू आणून देणारं, हुकूम पाळणारं कुत्रं हवंय त्याच्यासाठी हे पिल्लू नाही, मग तो माणूस कितीही प्रेमळ असो.

आईबापांपैकी कुणीही बघायला मिळालं तर त्यांचा फोटो घ्या. पूर्ण वाढीचं कुत्रं पस्तीस-चाळीस किलोंचं सहज होतं, काही परदेशी जाती पन्नाशीच्याही पुढे जातात. शरीर वर्षभरात मोठं दिसू लागतं, अक्कल मात्र दीड-दोन वर्षांनी येते. मधल्या काळात मोठ्या अंगाचं पोरकट जनावर सांभाळावं लागतं, हे समोरच्याला पहिल्याच बोलण्यात सांगायचं.

सावध: परदेशी जात असेल तर कायद्याची बाजू आधी बघा. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुपालन विभागाने २३ जातींची यादी राज्यांना पाठवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. कांगल, अकबाश, कॉकेशियन आणि मध्य आशियाई शेफर्ड त्या यादीत होते. गद्दी, भोटिया, बाखरवाल यांची नावं नव्हती. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. तरी नगर निगमाचे आणि कॉलनीचे नियम जागोजागी वेगळे असू शकतात. पिल्लू ज्या हद्दीत जाणार आहे तिथे विचारून घ्या, नाहीतर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर ते तुमच्या दारात परत येईल.

पायरी २: पिल्लाची तयारी, आणि सोबत एक फाइल

घर शोधायला पिल्लं पाच आठवड्यांची असतानाच लागा. द्यायचं मात्र आठ आठवडे पुरे झाल्यावर. श्वान पैदास व विपणन नियम, २०१७ प्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण नियम नसता तरी हेच सांगितलं असतं. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. पस्तीसाव्या दिवशी उचललेलं पिल्लू पुढे करडांचे कान चावतं, आणि मग ओरडा कुत्र्याच्या नावाने होतो.

उशीरही परवडत नाही. आठ ते सोळा आठवडे या वयात ज्यांच्या संगतीत राहील त्यांना ते आपलं मानतं. कळपावर जायचं असेल तर हाच काळ शेळ्या-मेंढ्यांच्या वासात आणि आवाजात जायला हवा. सहा महिने सोफ्यावर वाढलेलं कुत्रं नंतर गोठ्यात नेऊन सोडलं तर ते शेळ्यांकडे खेळणं म्हणून बघतं.

देण्यापूर्वी पिल्लाचं एवढं झालेलं असावं:

- जंतनाशक: वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, बारा आठवड्यांपर्यंत. पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा.
- लस: पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. कोणता डोस तुमच्याकडे झाला आणि कोणते नव्या घरी व्हायचे, हे कार्डावर तारखेसह लिहिलेलं हवं.
- मायक्रोचिप: कातडीखाली एकदाच टोचायची, पंधरा आकडी नंबर मिळतो. उद्या पिल्लू हरवलं किंवा परस्पर तिसऱ्याला दिलं गेलं, तर ते आपलं आहे हे त्या नंबरावरून सिद्ध करता येतं.
- हाताळणी: पंजे धरू देणं, तोंड उघडू देणं, पट्टा घालून चार पावलं चालणं. "कळपाच्या कुत्र्याला माणसाचा हात लागू द्यायचा नाही" हा जुना समज घातक आहे. ज्या कुत्र्याला धरताच येत नाही त्याच्या गोचिड्या कोण काढणार, आणि सलाइन कोण लावणार?

खाण्याबद्दल दोन गोष्टी. रोटी आणि ताक यावर मोठ्या हाडाचं पिल्लू पोसलं जात नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य, किंवा अंडी-मांस असलेलं घरचं जेवण डॉक्टरांना विचारून ठरवा. दुसरी, हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची बाटली स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मोठ्या जातींमध्ये जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. पिल्लू गुबगुबीत दिसावं हा हट्टही सोडा. बरगड्या हाताला लागायला हव्यात.

फाइलमध्ये लसीचं कार्ड, चिपचा नंबर, आईबापांचे फोटो, सध्याचं खाणं आणि एक पान स्वभावाचं ठेवा. हे पान लोक टाळतात, पण ते सगळ्यात उपयोगी पडतं. एकाच वेताची पिल्लं सारखी नसतात. भांडं पडल्याच्या आवाजाला एक पळतं, एक भुंकतं, एक जागेवर बसून बघत राहतं. जे बसून बघतं ते बहुधा कळपाचं. सारखं माणसाच्या पायात येणारं पिल्लू कुटुंब राहत असलेल्या शेतावर जास्त सुखी असतं.

पडताळा: कार्डावर डॉक्टरांची सही आणि लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं आहे ना? "लस झाली आहे" हे तोंडी सांगणं म्हणजे बोलाचीच कढी.

पायरी ३: कोणतं घर चालेल, कोणतं नाही

उत्तम घर म्हणजे जिथे शेळ्या-मेंढ्या किंवा कोंबड्या आहेत, माणसं तिथेच राहतात आणि राखणीची खरी गरज आहे. महू, मानपूर, चोरल, सिमरोल या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिथल्या शेळीपालकाला रात्रीचं भुंकणं संगीत वाटतं. सांवेर-देपालपूरकडे मोकळ्या रानात तरस, कोल्हे आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांचा उपद्रव जास्त. शेळ्या मारण्यात गावची मोकाट कुत्री बिबट्यापेक्षा मागे नसतात, हे कुठल्याही शेळीपालकाला विचारा.

दुसऱ्या क्रमांकावर कळप नसलेलं पण कुटुंब राहतं असं कुंपणाचं शेत. कळप नसेल तर कुत्रं घरातल्या पोरांना, गाई-वासरांना कळप मानतं. चालतं. फक्त पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरी हे जड जातं, कारण दर रविवारी नवी वीस माणसं येणं त्याला पटत नाही.

शहरातला बंगला, मोठं अंगण, मालक घरी: जमू शकतं, पण रात्रीचं भुंकणं शेजारी किती सोसणार हा प्रश्न राहतोच. फ्लॅट नको. गोदाम, बांधकामाची साइट, कारखाना नको. तिथे कुत्रं म्हणजे भोंगा, आणि भोंग्याला कुणी प्रेमाने जेवायला घालत नाही. पैदाशीसाठी जोडी लावायची म्हणणारा तर नकोच.

मारवाडातून मेंढ्या घेऊन मालव्यात उतरणाऱ्या राईका-रेबारींना द्यावं, ही कल्पना बऱ्याच जणांना भुलवते. त्यांची कुत्री त्यांच्याच तळांवर जन्मतात आणि पहिल्या महिन्यापासून चालतात. फरशीवर वाढलेलं पिल्लू त्या वाटेवर टिकत नाही.

पायरी ४: सांगायचं कुठे आणि लिहायचं काय

पहिला निरोप जनावरांच्या डॉक्टरांकडे. कुठल्या शेळी फार्मवर जनावरं नीट ठेवली जातात आणि कुठे नुसती कागदावर, हे त्यांना माहीत असतं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आसपासच्या गावांतले पशुपालक जनावरं आणतात. तिथे विचारणं फायद्याचं. मग सिरोही, बारबरी शेळ्या पाळणाऱ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप. नातेवाइकांचे ग्रुप सगळ्यात शेवटी, कारण तिथे नाही म्हणणं अवघड होऊन बसतं. आत्याच्या जावयाने मागितलं की पाहणी करायची हिंमत कुणाची?

मजकुरात "फुकट देणे आहे", "अर्जंट" हे शब्द नकोत. फुकट आणि अर्जंट वाचून जे येतात त्यांना कुत्रं नको असतं, सौदा हवा असतो. फोटो पिल्लाचा एक आणि आईचा एक, शेजारी माणूस उभा असलेला, म्हणजे आकार कळतो. कापसाच्या गोळ्याचा फोटो टाकलात तर शंभर फोन येतील आणि त्यातले नव्वद वाया जातील.

असं लिहा: "गद्दी जातीचं नर पिल्लू, नऊ आठवडे, लस व जंतनाशक चालू. मोठेपणी चाळीस किलोंच्या आसपास. रात्री भुंकणार, केस गळणार, स्वतःच्या मनाने वागणार. शेळ्या-मेंढ्या असलेल्या, माणसं कायम राहत असलेल्या कुंपणाच्या जागेसाठीच. जागा पाहूनच देऊ. साखळीला बांधण्यासाठी नाही." उणिवा आधी लिहिल्या की गर्दी कमी होते, आणि उरतात ते विचार करून आलेले असतात.

पायरी ५: फोनवरची चाळणी

संभाषण साधारण असं चालतं:

"काका, जागा भरपूर आहे आमची. दोन बिघे. मोकळा फिरेल."

"रात्री कोण असतं तिथे?"

"चौकीदार आहे ना."

"त्याचे बायको-मुलं तिथेच?"

"नाही, तो गावातून येतो. सकाळी सहाला जातो. आम्ही शनिवार-रविवार असतोच."

"मग सोमवार ते शुक्रवार दिवसा त्याला पाणी कोण देणार?"

यावर पलीकडे शांतता पसरली की फोन गोडीने संपवा. वाद घालायचा नाही, उपदेश तर मुळीच नाही.

आणखी विचारायचं ते थोडकंच. आधी कुत्रं होतं का, आणि त्याचं काय झालं? "मेलं" असं उत्तर आलं तर कशाने, हे विचारा. पार्व्होने गेलं असेल आणि त्याला वर्ष झालं नसेल तर त्या जागेत पुरतं लसीकरण न झालेलं पिल्लू देऊ नका. हा विषाणू मातीत महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. घरातल्या बाईला कुत्रं हवंय का? कारण जेवण बहुधा तिच्या हातून मिळणार. कुत्रं रात्री भुंकलं तर काय कराल? "शिकवू, गप्प बसेल" म्हणणाऱ्याला जात कळलेली नाही. दोन पिल्लं एकदम मागत असेल तर नाही म्हणा. सख्खी भावंडं एकमेकांत रमतात, कळपाकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि दोघं मिळून करडाचा पाठलाग करतात जो एकट्याने केला नसता.

पायरी ६: जागा बघा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर

ही पायरी गाळली तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. पिल्लू सोबत नेऊ नका. पिल्लू हातात असलं की दोन्ही बाजूंचं डोकं चालेनासं होतं, आणि "आता आणलंच आहे तर राहू दे" म्हणून सुटका होत नाही.

दिवसा कुंपणापासून सुरुवात करा, मालकाच्या चहापासून नाही. मालव्यात शेताला पाच तारांचं काटेरी कुंपण असतं. त्याने गाय अडते, पिल्लू नाही. ते खालच्या तारेखालून पोटावर सरकून जातं आणि मोठं झालं की मधल्या दोन तारांतून. हवी ती विणलेली जाळी, किमान पाच फूट, खालची कड जमिनीत गाडलेली किंवा दगडांनी दाबलेली. रोजड्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, तारेतून विजेचा हलका झटका देणारं झटका मशीन लावलेलं असेल तर उत्तम. एक तार जमिनीपासून फूटभर उंचीवर घ्यायला सांगा. मग फाटकाजवळ बसा. अक्षरशः उकिडवे बसा आणि फाटकाच्या खालच्या फटीत मूठ घालून बघा. मूठ आरामात जाते तिथून आठ आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं जाईल, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग जातं. बहुतेक फाटकांखाली पावसाच्या पाण्याने असा खळगा झालेला असतो. मालकाला तो रोज दिसतो, म्हणून दिसेनासा झालेला असतो.

त्यानंतर पाणी. कठडा नसलेली विहीर आहे का? शेततळं आहे का? प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेलं कुत्रं कितीही पोहलं तरी वर चढू शकत नाही, नखं घसरतात. काठावरून पाण्यात सोडलेली जुनी जाळी किंवा गाठी मारलेला जाड दोर एवढ्याने जीव वाचतो. तो लावल्याशिवाय पिल्लू नाही, असं सांगा.

औषधं कुठे ठेवली आहेत ते बघा. सोयाबीनच्या फवारणीचे डबे, गव्हाच्या कोठीतलं उंदराचं औषध, शेळ्यांची इंजेक्शनं बहुतेक ठिकाणी एकाच फळीवर असतात. शेळ्यांना जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला टोचणं हा खेड्यातला सर्रास प्रकार आहे. पिल्लाला ती मात्रा जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी वजनावरून सांगितल्याशिवाय काहीही नाही, हे तिथल्या तिथे बोलून घ्या.

झाडांच्या बुंध्याकडेही एक नजर टाका. कडुलिंबाच्या बुंध्यावर साखळीचा घासलेला गोल पट्टा आणि भोवती गवत न उगवलेलं वर्तुळ दिसलं, तर आधीचं कुत्रं कसं जगलं ते विचारायची गरज नाही. सतत आखूड साखळीला बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही.

आता खरी मुलाखत: सालगडी किंवा चौकीदार, जो तिथे झोपतो तो. मालकाला जरा बाजूला ठेवून त्याच्याशी बोला. त्याला कुत्र्याची भीती आहे का? त्याचं स्वतःचं कुत्रं आहे का? दुधाचे-अंड्यांचे पैसे त्याच्या हातात कोण देणार, की त्याने आपल्या भाकरीतून द्यायचं? तो हौसेने बोलला, शेळीच्या मानेला खाजवत खाजवत उत्तरं दिली, तर निम्मं काम झालं. तो "साहेब म्हणतील तसं" एवढंच म्हणाला, तर मालक कितीही उत्साही असला तरी थांबा.

रात्रीच्या फेरीत तीन गोष्टी बघा: शेळ्या कुठे कोंडतात, पिल्लाला त्यांना खेटून पण वेगळी अशी जागा आहे का, आणि शेजारचं घर किती लांब आहे. शेजाऱ्याकडे पाच मिनिटं जाऊन या. येत्या वर्षी इथे एक कुत्रं रात्रभर भुंकणार आहे, हे त्याला आधी कळलं तर तो दोन शिव्या देईल. नंतर कळलं तर भाकरीत विष कालवणारेही निघतात.

पडताळा: परतताना गाडीत स्वतःला एकच विचारा. मालक महिनाभर बाहेरगावी गेला तर इथे काय बदलेल? "काहीच नाही" असं उत्तर आलं तर घर पक्कं.

पायरी ७: पैसे आणि कागद

थोडी रक्कम जरूर घ्या, निदान लस आणि चिपचा खर्च निघेल एवढी. फुकटच्या जनावराची किंमत राहत नाही. मात्र नियमित पैदास करून विकत असाल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती बाब वेगळी.

साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या: पिल्लाचं वर्णन आणि चिपचा नंबर, उरलेल्या लसींच्या तारखा, कायमचं साखळीला बांधणार नाही, तिसऱ्या कुणाला परस्पर देणार नाही, नको झालं तर कोणत्याही वयात आमच्याकडे परत, नसबंदी डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोठ्या जातीत साधारण वर्ष-दीड वर्षानंतर. परत घेण्याचं कलम लिहिताना तुम्ही खरंच परत घेणार आहात ना, हे आधी घरी ठरवा. निगमाच्या हद्दीत जाणार असेल तर नोंदणी कुणाच्या नावाने तेही लिहा.

पायरी ८: सोपवण्याचा दिवस आणि पहिला पंधरवडा

एप्रिल-मे टाळा. मालव्याच्या रात्री गार असल्या तरी दुपारी पारा चाळिशीपार जातो, आणि दुहेरी केसांचं पिल्लू नव्या जागी उन्हाचा पहिला फटका खातं. उन्हाळ्यातच द्यावं लागलं तर सावली, ओली वाळू आणि दोन ठिकाणी पाणी असल्याची खात्री करून, पहाटे न्या. "गरम होतं" म्हणून केस पूर्ण भादरू नका. तेच केस उन्हापासूनही वाचवतात.

सकाळी पोचेल असं बघा, म्हणजे अंधार पडेपर्यंत जागा ओळखीची होते. सोबत आठवडाभराचं चालू खाणं आणि आईच्या अंथरुणाचा एक तुकडा द्या. क्रम असा ठेवा:

१. पहिले तीन-चार दिवस जाळीच्या छोट्या कोंडीत, शेळ्यांच्या शेजारी. शेळ्या दिसाव्यात, वास यावा, पण अंगावर येऊ नयेत.

२. मग एक-दोन शांत, वयस्क शेळ्या आत. मारकी नको, आणि नुकती व्यालेली तर नकोच. पिल्लाला एकदा हलकी ढुशी बसली तर बरंच. रिस्पेक्ट तिथेच शिकतं.

३. दिवसातून दोनदा पट्टा लावून कुंपणाच्या कडेने फेरी. हद्द अशीच कळते.

४. मोकळं सोडायचं ते माणूस समोर असतानाच. करडांसोबत एकटं सोडणं दीड वर्ष विसरा.

बोकड कापल्यावर कच्चं काळीज-फुप्फुस कुत्र्यासमोर टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतात आणि त्यांची अंडी माणसापर्यंत पोचून पोटात पाण्याच्या गाठी करतात. पहिल्याच दिवशी हे मालकाला आणि सालगड्यालाही सांगा.

पायरी ९: पाठपुरावा, आणि तो कधी

तिसऱ्या दिवशी फोन: खातंय का, शौच नीट आहे का. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूल पडणं यापैकी काहीही असलं तर त्याच तासाला दवाखाना. पार्व्हो वाट बघत नाही. पंधराव्या दिवशी चक्कर. लसीच्या प्रत्येक तारखेला आठवण. पावसाळ्यात गोचिड्यांसाठी एक फोन वेगळा करा, कारण गोचीडतापात कुत्रं आधी नुसतं खाणं सोडतं आणि लोक उन्हाला दोष देत बसतात.

खरी कसोटी आठ ते चौदा महिन्यांत येते. हे वय वांड. कुत्रं कोंबडी मारतं, करडाच्या मागे लागतं, कुंपण उकरतं, आणि "बिघडलं" म्हणून परत करायचे फोन याच वेळी येतात. तेव्हा स्वतः जा. बहुतेक वेळा उपाय साधा असतो: काही आठवडे पुन्हा शेजारच्या कोंडीत, करडं वेगळी, पट्ट्याने फेऱ्या जास्त, आणि एखादी जुनी खमकी शेळी सोबतीला. खेळकरपणे पळवणं आणि मारायला धावणं यातला फरक सालगड्याला दाखवून द्या. धरून फाडायला लागलं असेल तर त्याला कळपावरून काढा आणि पायरी ३ मधल्या दुसऱ्या प्रकारचं घर शोधा.

घर मिळत नसेल तर

मुदत वाढवा, पण अटी ढिल्या करू नका. ढिल्या करता येण्यासारख्या अटी दोनच: अंतर आणि पैसे. इंदूरबाहेर खरगोन, धार, देवासपर्यंत शोधा, रक्कम सोडून द्या, वर पहिल्या महिन्याचं खाद्य द्या. रात्री माणूस, कुंपण आणि साखळी नाही, या तीन ठिकाणी मागे हटू नका.

तोवर पिल्लू घरात असेल तर पट्ट्यावर चालणं पक्कं करा, पूर्ण लसी झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा ओळखीच्या गोठ्यावर न्या, आणि फाइलमधलं स्वभावाचं पान दर महिन्याला नव्याने लिहा. गोशाळेच्या दारात, देवळामागे किंवा चोरलच्या जंगलात रात्री सोडून येणारे आहेत. कायद्याने तो गुन्हा आहे. सहा महिन्यांचं झालं की फोन कमी येतील, पण जे येतील ते पिल्लाच्या गोडव्यावर भाळलेले नसतील. शेळ्यांना राखण हवी म्हणून फोन करणारे असतील. त्यांच्यासाठी पायरी ५ पासून पुन्हा सुरू करा.